टायर अकालीं कां झिजतात?
(नभोवाणीवरून दिलेलें भाषण)



दारांत मोटार असणें ही आतां श्रीमंतीची खूण राहिलेली नाहीं. मध्यम स्थितींतल्या कुटुंबांतहि एक लहानशी गाडी असते. तिचे हप्ते, तिचा विमा, तिचें पेट्रोल यांचा जमाखर्च घरांतील माणसें मोठ्या काटेकोरपणानें ठेवतात. परंतु ज्या चार वस्तूंच्या आधारावर ती सगळी गाडी उभी असते, त्यांच्याकडे आपलें लक्ष जातें तें पंक्चरवाल्यानें मान हलवून "साहेब, टायर संपले" असें सांगितल्यावर. गाडी पुरती वीस हजार किलोमीटरहि धांवलेली नसते. मग घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, कंपनीनें भिकार माल दिला; दुसरा म्हणतो, चालविणाराला गाडी चालवितां येत नाहीं. या दोहोंहून निराळें असें तिसरें कारण असूं शकेल, हें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. आणि बहुतेक वेळां खरें कारण तेंच असतें.

मी जन्मभर शाळेंत मुलें शिकविलीं. यंत्रशास्त्राशीं माझा संबंध म्हणाल तर मॅट्रिकच्या पुस्तकांतील पदार्थविज्ञानापुरता. परंतु टायराची झीज समजून घेण्यास त्याहून अधिक विद्या लागत नाहीं. लागते ती थोडी त्रैराशिकाची संवय, आणि आठवड्यांतून एकदां गाडीजवळ ओणवें होण्याची तयारी.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतों. गाडीचें वजन रबर तोलून धरीत नाहीं. तें हवा तोलते. १८३९ मध्यें चार्लस गुडइयर यानें रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची युक्ति शोधली. रॉबर्ट टॉमसन यानें १८४५ मध्यें हवेच्या टायराचें पेटंट घेतलें, पण तें काळाच्या पुढें होतें म्हणून विस्मृतींत गेलें. आणि १८८८ मध्यें बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन डनलॉप यानें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं तीच कल्पना पुन्हां नव्यानें अमलांत आणली. या सगळ्या खटपटीचें सार एवढेंच कीं, रबर व त्यांतील दोऱ्यांचें अस्तर हें हवेला कोंडून ठेवणारें पात्र आहे. आतां हिशेब पाहा. लहान गाडीचें माणसांसकट वजन एक हजार किलो धरलें, तर प्रत्येक चाकावर अडीचशें किलो भार येतो. टायरांत हवेचा दाब चौरस इंचास ३३ पौंड, म्हणजे चौरस सेंटिमीटरास सुमारें २.३ किलो असतो. अडीचशेंला २.३ नें भागा. उत्तर साधारण १०९ चौरस सेंटिमीटर येतें. म्हणजे एक चाक रस्त्याला जितक्या जागेवर टेकतें ती जागा आपल्या टपालाच्या पोस्टकार्डाहूनहि लहान आहे. अशा चार पोस्टकार्डांच्या भरंवशावर आपण बायकामुलांना घेऊन कसाऱ्याचा घाट उतरतों.

या पोस्टकार्डावर जी नक्षी असते, जिला दुकानदार 'ग्रिप' म्हणतात, तिच्या चरांची खोली नव्या टायरांत सुमारें आठ मिलिमीटर असते. आपल्या देशाच्या मोटार नियमांप्रमाणें ती १.६ मिलिमीटरांहून कमी झाली कीं मोटारीचा टायर वापरावयाचा नाहीं. तेव्हां आपल्या हातीं खर्चावयास पुंजी उरली ६.४ मिलिमीटरांची. टायर चाळीस हजार किलोमीटर चालावा अशी अपेक्षा असेल, तर दर सव्वासहा हजार किलोमीटरांस एक मिलिमीटर, असा हा खर्च झाला पाहिजे. सात आठ रुपयांच्या पट्टीनें नव्हे, खोली मोजण्याचें एक छोटें साधन मिळतें तें घ्यावें. तें फार महाग नाहीं. दर तीन महिन्यांनीं टायराच्या आंतल्या कडेस, मध्यें व बाहेरच्या कडेस अशा तीन ठिकाणीं खोली मोजून वहींत लिहावी. वीस हजारांवर टायर 'अचानक' संपत नाहीं. तो पांच हजारांवरच तसें सांगूं लागलेला असतो. आपण विचारलेलें नसतें, एवढेंच.

आतां तो काय सांगतो तें पाहूं. पादत्राणें दुरुस्त करणारा कसबी माणूस चपलेची झीज पाहून ती वापरणाराची चाल ओळखतो. टायराचेंहि तसेंच आहे. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत राहिला, तर हवा कमी होती. मध्य झिजला आणि कडा राहिल्या, तर हवा अधिक होती. या दोहोंपैकीं पहिला प्रकार आपल्याकडे फार आढळतो, आणि तोच अधिक घातक आहे. म्हणून त्याविषयीं थोडें विस्तारानें सांगतों.

कोणत्याहि सशक्त टायरांतून महिन्याकाठीं सुमारें एक पौंड हवा आपोआप कमी होत असते. शिवाय पहांटेचें तपमान दहा अंशांनीं उतरलें कीं दाब आणखी दीड दोन पौंडांनीं कमी होतो. दिवाळींत भरलेली हवा संक्रांतीपर्यंत तपासली नाहीं, तर चार पांच पौंडांची तूट सहज पडते, आणि आजच्या टायराचें अंग मुळांतच थोडें फुगीर दिसत असल्यामुळें ती डोळ्यांस दिसत नाहीं. पायानें टायर दाबून "ठीक आहे" म्हणणारे गृहस्थ आपण पाहतों. त्यांना त्या लाथेनें समाधानाखेरीज दुसरें कांहींहि कळत नाहीं. हवा किती हवी तें चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटविलेल्या कागदावर छापलेलें असतें. टायराच्या अंगावर जो आंकडा असतो तो टायरानें सोसावयाच्या कमाल दाबाचा, तो आपल्या गाडीसाठीं नव्हे. आणि हवा मोजावयाची ती सकाळीं, गाडी थंड असतांना. चार कोस धांवून आलेल्या गाडीचा दाब तीन चार पौंड चढलेला असतो, तो पाहून हवा सोडली तर थंड झाल्यावर टायर उपाशीच राहणार.

येथें एका रूढ समजुतीचा समाचार घेणें अवश्य आहे. उन्हाळ्यांत लांबच्या प्रवासाला निघतांना, टायर तापून फुटेल या भीतीनें कित्येक सज्जन चार पौंड हवा मुद्दाम काढून टाकतात. याहून उफराटा उपाय शोधून सांपडणार नाहीं. टायर तापतो तो मुख्यतः रबर पुन्हां पुन्हां वांकल्यामुळें. लहान गाडीच्या चाकाचा घेर दोन मीटरांहून किंचित् कमी असतो. ताशीं शंभर किलोमीटर वेगानें तें चाक सेकंदास सुमारें चौदा फेरे करतें. म्हणजे टायराच्या अंगाचा प्रत्येक भाग सेकंदाला चौदा वेळां चेपतो आणि सरळ होतो. तार हातांत घेऊन भराभर वांकविली तर ती बोटांस चटका देते, हें आपण लहानपणीं केलेलें आहे. हवा जितकी कमी तितकें हें वांकणें अधिक, आणि उष्णताहि अधिक. शेवटीं आंतल्या थरांची पकड सुटते आणि टायर फुटतो. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्यानें खुला होऊन जून २०२५ मध्यें पुरा झाला. तेथें मोटारींस ताशीं १२० किलोमीटरपर्यंत मुभा आहे, रस्ता सिमेंटचा, आणि थांबण्याचें निमित्त कमी. शहरांतल्या तीस चाळीसच्या वेगांत कमी हवेचा टायर फक्त झिजतो. त्या रस्त्यावर तोच टायर जीव घेऊं शकतो.

नायट्रोजन भरण्याविषयीं विचारणारे पुष्कळ आहेत. आपल्या साध्या हवेंतच शेंकडा ७८ भाग नायट्रोजन आहे. फुकट मिळत असेल तर नाकारूं नये. पैसे पडत असतील तर त्या पैशांत हवेचा दाब मोजण्याचा एक काटा विकत घ्यावा.

आतां एकाच कडेच्या झिजेकडे वळूं. माझ्या मतें सगळ्या प्रकरणाचें मर्म येथें आहे. माझा एक जुना विद्यार्थी नाशिकास भाड्याची मोटार चालवितो. त्याच्या पुढच्या दोन टायरांनीं सतरा हजार किलोमीटरांत मान टाकली. बाहेरून पाहिलें तर नक्षी बरीच शिल्लक दिसे; परंतु गाडी डावीकडे ओढूं लागली, पाण्यांत घसरूं लागली. तो मला म्हणाला, "सर, कंपनीच वाईट. या खेपेला भारीपैकीं चार टायर टाकतों, हप्त्यानें घेतों. उद्यां पहांटे एका कुटुंबाला समृद्धीवरून नागपूरला न्यायचें आहे." मीं म्हटलें, "अरे, टायर घेण्याआधीं जुने कां गेले तें तर पाहूं." आम्ही दोघे दुकानांत गेलों. गाडी वर उचलल्यावर कारागिरानें बत्ती आंतून धरली, आणि तिघेहि गप्प झालों. दोन्ही पुढच्या टायरांच्या आंतल्या कडेस रबर नांवालाहि उरलें नव्हतें. एका ठिकाणीं पोलादाच्या तारा उघड्या पडून चमकत होत्या. उभ्या माणसाला ही कड कधींच दिसत नाहीं. त्या टायरांवर दुसरे दिवशीं पांच माणसें ताशीं शंभर किलोमीटरांनीं निघणार होतीं.

याचें कारण असें. चालतांना कोणी पावलें आंत वळवितो, कोणी बाहेर फेंकतो. गाडीचीं पुढचीं दोन चाकेंहि अशींच आंत किंवा बाहेर वळलेलीं असूं शकतात. कारागीर त्यास 'टो' म्हणतात, आणि तें नीट करणें म्हणजे अलाइनमेंट. चाकें बाहेर फेंकलेलीं असतील तर आंतल्या कडा जातात, आंत वळलेलीं असतील तर बाहेरच्या. हा दोष डोळ्यांस दिसण्याइतका असावा लागत नाहीं. समजा, एक चाक केवळ अर्ध्या अंशानें तिरपें आहे. अर्ध्या अंशाची ज्या ०.००८७ होते. गणिताच्या भाषेंत, गाडी एक किलोमीटर सरळ जाते तेव्हां तें चाक सुमारें पावणेनऊ मीटर आडवें खेंचलें जाण्याइतका ताण सोसतें. दहा हजार किलोमीटरांत हा आंकडा ८७ किलोमीटर होतो. चाक आडवें धरून नाशिकाहून मुंबईच्या निम्म्या वाटेपर्यंत फरफटत न्यावें तसा हा प्रकार. मग रबर कोणत्याहि कंपनीचें असलें, तरी तें टिकणार कसें?

अशी झीज ओळखण्याची एक घरगुती रीत आहे. टायरावरून तळहात एकदां आंतून बाहेर व एकदां बाहेरून आंत फिरवावा. एका दिशेनें गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेनें करवतीच्या दात्यांसारखें टोंचलें, तर अलाइनमेंट बिघडली आहे असें बेलाशक समजावें. मात्र हात फिरविण्यापूर्वीं तारा बाहेर आलेल्या नाहींत ना, हें पाहून घ्यावें.

माझ्या विद्यार्थ्याच्या गाडीची गोष्ट येथेंच संपली नाहीं. त्यानें सहा महिन्यांपूर्वीं अलाइनमेंट करून घेतली होती, आणि तशी पावतीहि त्याच्याजवळ होती. मग दोष पुन्हां कां उद्भवला? कारागिरानें चाक दोन्ही हातांनीं धरून हलविलें, तेव्हां तें खडखडलें. खालच्या आर्मचे रबरी बुश फाटले होते आणि टायरॉडचें एक टोक सैल झालें होतें. ज्या खुंटीला चाक टांगलेलें तीच डुगडुगत असतां यंत्रावर तें सरळ करून काय उपयोग? दुकानाबाहेर गाडी पडतांच पहिला खड्डा तें पुन्हां वांकडें करणार. त्यानें त्या दिवशीं ते भाग बदलले, अलाइनमेंट करविली, आणि चारांऐवजीं पुढचे दोनच टायर, तेहि मध्यम किंमतीचे, रोखीनें घेतले. नागपूरचें भाडें त्यानें दुसऱ्या गाडीवाल्याला दिलें. एका दिवसाची कमाई गेली, याची हळहळ त्याला वाटलीच. भाड्याच्या गाडीवर ज्याचें घर चालतें त्याला ती वाटणारच. परंतु नुसते चार भारी टायर चढवून तो पहांटे निघाला असता, तर सतरा हजार किलोमीटरांनंतर तेच कर्ज पुन्हां उभें राहिलें असतें.

म्हणून अलाइनमेंट करवितांना दोन गोष्टी मागून घ्याव्या. पहिली, आधीं सांधे व बुश तपासा असें स्पष्ट सांगावें. दुसरी, यंत्रानें छापलेला कागद मागावा. त्यावर दुरुस्तीपूर्वींचे आणि नंतरचे कोन असतात. जो दुकानदार कागद द्यावयास कुरकुरतो, त्याच्या यंत्रावर माझा विश्वास बसत नाहीं.

राहिलेल्या खुणा थोडक्यांत सांगतों. घेरावर ठिकठिकाणीं वाटीसारखे खळगे पडले असतील, तर शॉकॲब्सॉर्बर म्हातारे झाले आहेत, किंवा चाकाचें बॅलन्सिंग गेलें आहे. एकाच जागीं सपाट चट्टा असेल, तर कधीं तरी चाकें जागच्या जागीं धरून गाडी घसरली आहे. टायराच्या अंगावर फुगा आला असेल, तर खड्ड्यांत किंवा पदपथाच्या कडेवर आपटून आंतले दोरे तुटले आहेत. असा टायर त्याच दिवशीं काढावा, त्याला दुरुस्ती नाहीं. आणि गाडी उभी असतांना सुकाणूचें चक्र इकडून तिकडे गरागरा फिरविण्याची जी संवय अरुंद वाहनतळांत लागते, ती रबर खरवडून काढते. गाडी किंचित् सरकत असतां चक्र फिरवावें.

आणखी एक नैसर्गिक अन्याय आहे. आजच्या बहुतेक लहान गाड्यांत इंजिनाची ओढ पुढच्या चाकांना असते, वळणेंहि त्यांनींच घ्यावयाचीं, आणि ब्रेकाचा मोठा भारहि त्यांच्यावरच. मागचीं चाकें मात्र सासुरवाडीस आलेल्या जांवयाप्रमाणें नुसतीं बरोबर चालतात. यासाठीं दर आठ दहा हजार किलोमीटरांस पुढचे टायर मागें व मागचे पुढें करावे, म्हणजे चारहि सारखे झिजतात. टायराच्या अंगावर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल, तर अदलाबदल त्याच बाजूस करावी.

येथवर झिजेचें झालें. आतां नवे टायर घेण्याची पाळी आली, तर काटकसर कोठें करावी आणि कोठें करूं नये?

माप बदलूं नये. एखाद्या लहान गाडीच्या टायरावर '१६५/८० आर १४ ८५ टी' असें लिहिलेलें असतें. त्यांतला १६५ हा रुंदीचा आंकडा मिलिमीटरांत. ८० म्हणजे टायराची उंची त्या रुंदीच्या शेंकडा ८०. 'आर' म्हणजे रेडियल. १४ हा रिमचा व्यास इंचांत. ८५ हा भाराचा सांकेतिक आंकडा, त्याचा अर्थ एका टायरावर ५१५ किलोपर्यंत. आणि 'टी' म्हणजे ताशीं १९० किलोमीटरपर्यंत वेग सोसणारा. भाराचा आंकडा आणि वेगाचें अक्षर मूळच्याहून खालचें कधींहि घेऊं नये. वरचें चालतें, पण त्यासाठीं अधिक पैसे देण्याचें कारण नाहीं. रुंद टायर टाकून गाडी ऐटबाज दिसते असें तरुण मंडळी म्हणतात. ती ऐट पेट्रोलाच्या आणि पुढच्या टायरांच्या बिलांत वसूल होते. आय.एस.आय.चें चिन्ह पाहावें, तें नसेल तर पुढें बोलणेंच खुंटलें.

मग कंपनी कोणती? आपल्याकडे या धंद्याची परंपरा लहान नाहीं. १९४६ मध्यें मद्रासेंत खेळण्यांतले फुगे बनविणारा जो छोटा कारखाना निघाला तोच पुढें एम्.आर.एफ्. झाला, सिएटनें १९५८ मध्यें मुंबईंत बस्तान बसविलें, अपोलो, जे.के. हीं नांवें सर्वांच्या तोंडीं आहेत, आणि बाहेरच्या कंपन्यांपैकीं ब्रिजस्टोनचा कारखाना तर आपल्या चाकणलाच आहे. नेहमींच्या मापांत या कंपन्यांचे साधे, कमी किंमतीचे नमुनेहि असतात, आणि घरगुती वापरास ते पुरे पडतात. नांव मोठें कीं लहान यापेक्षां, आपण किती फिरतों हा प्रश्न आधीं सोडवावा.

समजा, एक टायर चार हजार रुपयांचा असून चाळीस हजार किलोमीटर चालतो. दुसरा ३,२०० रुपयांचा, पण पंचवीस हजारच चालतो. पहिला किलोमीटरास दहा पैसे पडतो, दुसरा १२.८ पैसे. रोज पन्नास किलोमीटर फिरणाऱ्या नोकरदाराला स्वस्त टायर महागच आहे. परंतु जें निवृत्त जोडपें भाजीबाजार, देऊळ आणि वर्षांतून एकदां गांव, असें मिळून सालीना चार हजार किलोमीटर फिरतें, त्याचा हिशेब उलटा होतो. चाळीस हजारांचा टायर त्यांना दहा वर्षें पुरेल म्हणावें, तर तोंपर्यंत रबर म्हातारें होऊन त्याला भेगा पडतात. पांच वर्षांनंतर टायर दरसाल तज्ज्ञाकडून तपासावा, आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीहि असली तरी तो वापरूं नये, असा बहुतेक कारखानदारांचा सल्ला आहे. अशा घरानें ३,२०० चाच टायर घ्यावा. सव्वासहा वर्षांत तो पुरता वसूल होईल. दुकानदार हें सांगणार नाहीं.

म्हणूनच टायराचें जन्मटिपण पाहिल्याखेरीज पैसे देऊं नयेत. अंगावर एका लांबट चौकटींत चार आंकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. '३२२४' म्हणजे २०२४ सालचा बत्तिसावा आठवडा. दोन तीन वर्षें गोदामांत पडलेला माल 'सवलतींत' देण्याची प्रथा आहे. सवलत खरोखर मोठी असेल आणि आपला वापर भरपूर असेल तर घ्यावाहि. पण कमी फिरणारानें घेऊं नये, कारण त्याच्या टायराचें आयुष्य रस्त्यावर नव्हे, पंचांगावर मोजलें जातें. किंमतीविषयीं आणखी एक माहिती: नव्या टायरांवरील जी.एस्.टी. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेंकडा २८ वरून १८ वर आला आहे. जुना छापील भाव दाखवून कोणी घासाघीस करूं लागला, तर हें ध्यानांत असावें. आणि भावांत बॅलन्सिंग, नवा व्हॉल्व्ह व अलाइनमेंट धरली आहे कीं नाहीं, तेंहि आधींच विचारावें.

जुन्या टायरांच्या बाजारांत मात्र पाऊल टाकूं नये असें माझें स्पष्ट मत आहे. तेथें झिजलेल्या टायरांत तापलेल्या पात्यानें नवे चर कोरतात, वर काळा रंग चोपडतात, आणि तो 'थोडाच वापरलेला' म्हणून विकतात. असे चर आंतल्या दोऱ्यांच्या अगदीं जवळ जाऊन भिडलेले असतात. मूळ चरांच्या तळाशीं १.६ मिलिमीटर उंचीचे आडवे उंचवटे असतात, तेच मर्यादेचे दगड. ते कापले गेलेले दिसले तर तेथून उठावें. रिमोल्ड केलेले टायर बस व ट्रक यांना चालतात, कारण त्यांचे सांगाडे त्याच बेतानें जड घडविलेले असतात आणि एस्.टी.सारख्या संस्था तें काम आपल्या देखरेखीखालीं करतात. घरच्या मोटारीनें त्यांचें अनुकरण करूं नये.

दोनच टायर घेण्याची ऐपत असेल तर ते कोठें बसवावे? "पुढें," असें शंभरांतले नव्वद लोक सांगतील. शास्त्र सांगतें, मागें. पावसांत साचलेल्या पाण्यावर झिजलेला टायर तरंगूं लागतो. पुढचीं चाकें तरंगलीं तर गाडी सरळ जाऊं पाहते. चालक वेग कमी करून तिला आवरूं शकतो. मागचीं तरंगलीं तर गाडीचें शेपूट फिरतें, आणि ती भोंवऱ्यासारखी गरकन् वळते. अशा वेळीं साध्या माणसाच्या हातून कांहींहि होत नाहीं. म्हणून चांगले टायर नेहमीं मागें. माझ्या विद्यार्थ्याच्या बाबतींतहि कारागिरानें मागचे अर्धे झिजलेले टायर पुढें आणले व नवे मागें बसविले. दुकानदार हें स्वतः होऊन करीलच असें नाहीं. आपण उभें राहून करवून घ्यावें. एकाच आंसावर दोन निराळ्या नमुन्यांचे टायरहि बसवूं देऊं नयेत.

पाण्याचा विषय निघाला म्हणून आणखी एक. १.६ मिलिमीटर ही कायद्याची मर्यादा आहे. आपल्या सह्याद्रींतल्या पावसाची नव्हे. तीन मिलिमीटरांखालीं चर पुरेसें पाणी बाहेर फेंकूं शकत नाहींत. ज्यांना आषाढ श्रावणांत घाट उतरून कोंकणांत जावयाचें आहे, त्यांनीं मे महिन्याच्या अखेरीस खोली मोजावी, आणि ती तीनच्या आसपास असेल तर पावसाळ्यापूर्वींच टायर बदलावे. उरलेल्या दीड मिलिमीटराचा लोभ धरूं नये. डिकींतल्या स्टेपनीची हवा त्याच दिवशीं पाहावी. वर्षभर ती कोणी पाहिलेली नसते.

राहतां राहिले जुने टायर. ते घरीं आणून गच्चीवर ठेवण्याची पुष्कळांस आवड असते, पुढें झोंपाळा करूं, कुंडी करूं, म्हणून. झोंपाळा होत नाहीं. पावसाचें पाणी मात्र त्यांत सांचतें, आणि डेंग्यूच्या डासांना त्याहून सोयीचें घर मिळत नाहीं. जाळले तर विषारी धूर होतो. ते दुकानांतच द्यावे. वापरून संपलेल्या टायरांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनीं कारखानदारांवर टाकलेली आहे, आणि भंगारवाले ते विकतहि घेतात. त्यामुळें दुकानदार जुन्या टायरांबद्दल थोडी रक्कम वजा करून देतो. ती बिलांत मांडली आहे कीं नाहीं तेवढें पाहावें.